वेशीवरच्या दगडापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये तुम्ही पुण्याहून मँचेस्टरला भावाकडे येताय. सोबत ८ आणि १२ वर्षांची दोन मुलं, शिवाय सत्तरीच्या, दादरला वाढलेल्या सासूबाई. एक तरी जुनं इंग्लिश खेडं नीट बघायचंय, पण मुलांनी दहाव्या मिनिटाला 'आता काय?' विचारू नये. आणि त्यासाठी कॉट्सवोल्ड्सपर्यंत जावं का?

मी बावीस वर्षं शेफिल्डला राहते आणि त्यातली बरीचशी वर्षं मराठी पाहुण्यांना हा परिसर दाखवण्यात घालवली आहेत, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगते. मँचेस्टरहून कॉट्सवोल्ड्स म्हणजे एका बाजूला अडीच-तीन तासांचा प्रवास. तिथे मधाळ रंगाची घरं, ओढा, आइस्क्रीम आणि तुमच्यासारखेच शेकडो पाहुणे. फोटो उत्तम येतात. पण मुलांना घरापेक्षा घरात काय घडलं यात रस असतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी सांगेन, डर्बीशरमधल्या ईमला (Eyam) जा. नकाशात अक्षरं वाचून तुम्ही 'आयाम' म्हणाल, तसं म्हणू नका, उच्चार 'ईम' असाच आहे. पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे १९५१ साली झालेल्या ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात हे गाव आहे. शेफिल्डहून अर्धा तास, मँचेस्टरहून सव्वा-दीड तास.

गावाची गोष्ट आधी सांगते, कारण ती माहीत नसेल तर ईम म्हणजे राखाडी दगडाची घरं असलेला एक लांबट रस्ता, बाकी काही नाही.

१६६५ सालचा सप्टेंबर. लंडनमध्ये प्लेगने कहर केला होता. ईममधल्या एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. कापड दमट होतं म्हणून शिंप्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या. आठवडा उलटायच्या आत, ७ सप्टेंबरला, व्हिकर्सला पुरावं लागलं. मग त्याच घरातली माणसं, मग शेजारची. हिवाळ्यात साथ जरा दबली, लोकांना वाटलं सुटलो, आणि १६६६ च्या जूनमध्ये ती दुप्पट जोराने उसळली.

गावाचा पाद्री विल्यम मॉम्पेसन तेव्हा तिशीच्या आतच होता, गावात येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि लोकांचा त्याच्यावर फारसा जीव नव्हता. त्यांचा जीव होता आधीच्या पाद्र्यावर, थॉमस स्टॅन्लीवर. १६६२ च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनापद्धत मान्य न करणाऱ्या पाद्र्यांना चर्चमधून काढलं, त्यात स्टॅन्लीची जागा गेली होती. म्हणजे एक सरकारी पाद्री आणि एक सरकारने हाकललेला पाद्री. दोघांचं पटायचं काही कारण नव्हतं. पण त्या जूनमध्ये दोघं एकत्र बसले आणि गावापुढे एकमुखाने गेले. ठरलं ते असं: ज्याने त्याने आपली माणसं आपल्याच शेतात-परसात पुरायची, चर्च बंद करून प्रार्थना गावाबाहेरच्या घळीत उघड्यावर, घराघराने अंतर ठेवून करायची, आणि कोणी वेस ओलांडायची नाही. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही.

तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून सांगते, घरी एखादी खापरपणजी असेल तर तिच्याकडून चालत आलेली प्लेगची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी असेल. आपल्याकडे १८९७ मध्ये आणि पुढच्या साथींत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. उंदीर पडला की घर सोडायचं, हे आपलं शहाणपण. त्यात चूक काही नव्हतं, उंदीर-पिसवांपासून लांब जाणं हा चांगलाच उपाय होता. ईमच्या लोकांनी मात्र स्वतःहून आत राहायचं ठरवलं, कारण बाहेर पडलो तर शेफिल्ड, बेकवेल, सगळा मुलूख आजारी पडेल. आणि दुसरा फरक तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखा आहे. पुण्यात रँडच्या शिपायांनी घरात घुसून सक्तीने जे केलं त्याचा शेवट काय झाला ते त्याने शाळेत वाचलं असेल. इथे शिपाई नव्हते, गावाने स्वतःला सांगितलं होतं. शिवाय पिसवांचं गुपित उलगडलं ते १८९८ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरच्या प्रयोगातून. म्हणजे ईमच्या लोकांना आपण कशाशी लढतोय हे ठाऊक नव्हतं. सव्वादोनशे वर्षांनंतर आपल्या बाजूला कळलं.

आता चौदा महिन्यांत किती गेले, तर परंपरेने आकडा २६० सांगतात. गावात एकूण किती लोक होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही, साडेतीनशेपासून आठशेपर्यंत अंदाज आहेत. गोष्टीला पुढच्या शतकांत बरीच झळाळी चढवली गेली असंही काही इतिहासकार म्हणतात, आणि ते मला पटतं. वेळेत निघून गेलेली पैसेवाली घरं होतीच. खुद्द मॉम्पेसनने आपली दोन लहान मुलं आधीच बाहेर पाठवली होती. बायको कॅथरिन मात्र थांबली आणि ऑगस्टच्या शेवटी गेली. मी हे सगळं पाहुण्यांना सांगते. संतचरित्र करून सांगितलं की मुलं जांभया देतात. 'त्याने स्वतःची मुलं पाठवली, मग दुसऱ्यांना थांबा म्हणणं बरोबर का?' असं विचारलं की गाडीत पुढचा तासभर भांडण चालतं.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. बहुतेक लोक गाडी लावतात, समोरच्या म्युझियममध्ये शिरतात, प्लेगची घरं बघतात, चहा पितात आणि निघतात. माझा सल्ला उलटा आहे: वेशीपासून सुरुवात करा. ईम आणि खालच्या स्टोनी मिडलटन गावाच्या मध्ये शेतात एक दगड आहे, त्याला वेशीचा दगडच म्हणतात. त्यावर खळगे आहेत. ईमचे लोक त्यात व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे, शेजारगावचे लोक धान्य-औषध ठेवून ते पैसे घेऊन जायचे. व्हिनेगरने नाणी शुद्ध होतात ही त्यांची समजूत. गावाच्या चौकातून लिडगेट नावाच्या रस्त्याने निघून शेतातल्या पायवाटेने मुलांच्या पायांनी वीसेक मिनिटं. वाटेत गायी-मेंढ्या असतात, फाटकं उघडली तशी लावायची. दगड दिसायला अगदीच साधा आहे, हे आधी सांगून ठेवा नाहीतर 'एवढंच?' ऐकाल. पण मुलाला एक नाणं द्या, खळग्यात ठेवायला सांगा आणि मग म्हणा, आता तू पलीकडे जायचं नाही. तिथून दरी, पलीकडचं गाव, सगळं दिसत असतं. पलीकडे बरं आहे आणि आपण जायचं नाही, हे तिथे उभं राहिल्यावर जसं कळतं तसं म्युझियममधल्या फलकावरून कळत नाही.

सासूबाईंना ही वाट जमेलच असं नाही, चढ-उतार आणि पाऊस झाला असेल तर चिखल. त्यांना चर्चच्या आवारात बसवा, तिथे बाक आहेत आणि बघण्यासारखंही पुष्कळ. सेंट लॉरेन्सच्या आवारात आठव्या शतकातला सॅक्सन क्रूस उभा आहे, त्याच्याजवळच कॅथरिन मॉम्पेसनची कबर. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे, त्यावर जगातल्या दूरदूरच्या ठिकाणांची नावं कोरलेली आहेत. आत १९८५ मध्ये बसवलेली रंगीत काचेची खिडकी प्लेगची सगळी गोष्ट चित्रांतून सांगते. वाचता न येणाऱ्यांसाठी पूर्वी देवळात चित्रकथी असायचे ना, तसंच. आठ वर्षांच्या मुलीला कथा सांगायची तर ती याच खिडकीसमोर.

मग चर्चला लागून असलेली प्लेगची घरं. दारापाशी पाट्या आहेत, त्या घरातलं कोण कोणत्या दिवशी गेलं याच्या. एक गोष्ट निक्षून सांगते, या घरांत आज माणसं राहतात. खिडकीला नाक लावून आत बघू नका, कुंपणाच्या आत पाय ठेवून फोटो काढू नका. मी एकदा एका पाहुण्याला एका घराच्या पायरीवर बसलेला पाहिलं आणि आतून आजीबाई दूध घ्यायला दार उघडून बाहेर आल्या. लाजेने मान खाली गेली.

म्युझियम लहान आहे, जुन्या मेथडिस्ट चॅपेलमध्ये, छपरावर वातकुक्कुटाऐवजी उंदीर बसवलाय. तासभरात होतं. सोमवारी सहसा बंद असतं आणि हिवाळ्यात तर काही महिने बंद. माझी पहिलीवहिली सहल मी सोमवारी काढली होती, तेव्हा सात जणांना घेऊन बंद दारासमोर उभं राहून मी ती गोष्ट हातवारे करून सांगितली होती. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी वेबसाइट बघा.

रायलीच्या कबरींबद्दल विचार करून ठरवा. गावाबाहेर चढावर, गोल दगडी कुंपणात सात कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली आणि त्यांना स्वतः ओढत नेऊन पुरलं. ती वाचली. जागा फार सुंदर आहे, समोर सगळी दरी, आणि म्हणूनच जास्त अंगावर येते. बारा वर्षांच्या मुलाला न्यावं असं मला वाटतं. धाकटीला नेणं तुमच्यावर. एका आईने मला विचारलं होतं की लहान मुलांना मरण असं उघड का दाखवायचं. मी काही उत्तर दिलं नाही, त्या दिवशी आम्ही तिकडे गेलो नाही, एवढंच.

ईमला सकाळी साडेदहाला पोचलात तर दीड-दोनपर्यंत होतं. मग चॅट्सवर्थ, दहा-बारा किलोमीटर. हे मी मुद्दाम जोडून देते, कारण गोष्ट तीच पुढे चालते. साथीच्या काळात ईमला धान्य पुरवणाऱ्यांत डेव्हनशरचा अर्ल होता आणि तो चॅट्सवर्थचाच. वाडा मात्र तेव्हाचा नाही, आज दिसतो तो मुख्यतः १६८७ नंतर बांधत गेलेला. मुलांना आतली चित्रं आणि रंगवलेली छतं वीस मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका. मुलांसाठी शेतघर आणि खेळाचं मैदान वेगळं आहे, शेळ्या, डुकरं, कोंबड्या. पुण्याच्या मुलांना गाय बघायला इंग्लंडला आणलं म्हणून हसू नका, तीच जागा त्यांना सगळ्यात आवडते.

पण बागेला तास-दोन तास द्याच. सम्राटाचं कारंजं म्हणतात ते १८४४ मध्ये इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने रशियाचा झार येणार म्हणून बांधलं. झार आलाच नाही. कारंज्याला पंप नाही, वर डोंगरावर तळं खणलंय आणि त्याच्या उताराच्या दाबावर पाणी उडतं. बारा वर्षांच्या मुलाला तळं शोधायला लावा. बागेतला भूलभुलैया जिथे आहे तिथे पॅक्स्टनचं प्रचंड काचघर होतं, पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी त्यातली झाडं मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. याच पॅक्स्टनने इथल्या उष्णघरात १८३० च्या दशकात केळी पिकवली आणि त्या जातीला मालकाच्या घराण्याचं नाव पडलं, कॅव्हेंडिश. आपली जळगावची बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. जळगावची केळी इथून गेली असं नव्हे, केळ मूळचं आशियाचं, नाव तेवढं डर्बीशरचं. मी एकदा रावेरच्या एका बागायतदार काकांना हे सांगितलं. ते बराच वेळ वाड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपण यांचं नाव घेऊन केळी विकतो होय!"

दोन दिवस असतील तर मुक्काम बेकवेल किंवा हॅदरसेजला करा. बेकवेलला गेलात की बेकवेल पुडिंग खाल्लं जाईलच. पुडिंग आणि टार्ट या दोन वेगळ्या गोष्टी, आणि 'मूळ कृती आमचीच' असं एकाहून जास्त दुकानं सांगतात, त्या वादात पडू नका. सासूबाई अंडं खात नसतील तर मात्र आधीच सांगा, दोन्हीत असतं. जवळच जुन्या रेल्वेमार्गावर केलेली मोन्साल ट्रेल आहे, बोगद्यांसकट, सपाट. सायकली भाड्याने मिळतात. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतूनही नेता येईल अशी या डोंगराळ भागातली ती दुर्मीळ वाट.

दुसऱ्या दिवशी दोन पर्याय, दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका.

एक, कासलटन. चार गुहा, प्रत्येकीचं तिकीट वेगळं, त्यामुळे एकच निवडा. स्पीडवेलमध्ये शंभरावर पायऱ्या उतरून शिसं काढणाऱ्या खाणकामगारांनी खणलेल्या पाण्याच्या बोगद्यातून नावेने जातात. मुलं खूश, गुडघे नाखूश. पीक कॅव्हर्नचं तोंड प्रचंड आहे, पूर्वी त्या तोंडाशी दोर वळणाऱ्यांची वस्ती होती, अजून दोर वळून दाखवतात. तिचं जुनं नाव 'सैतानाचं ढुंगण' असं आहे आणि पाटीवर तसंच लिहिलंय. ही माहिती मुलांना तुम्ही द्यायची गरज नाही, ती आपोआप सापडते. झुंबरं म्हणतात तसे लवणस्तंभ बघायचे तर ट्रीक क्लिफ. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ब्लू जॉन दगड इथलाच, दुकानात छोट्या तुकड्याची किंमत बघून हात मागे घ्याल.

दुसरा पर्याय तुमच्या घराला जास्त जुळेल असं मला वाटतं: मॅटलॉक बाथ आणि क्रिच. मॅटलॉक बाथला दरीवरून केबल कारने वर जायचं, तिथे गुहा आणि खेळायची जागा. मुलगी लहान आहे, तिला छोट्यांचं मनोरंजन-उद्यानही तिथेच आहे, पण ते मी मुद्दाम सुचवणार नाही, तसलं कुठेही मिळतं. जवळच क्रॉमफर्डला आर्कराइट या उद्योजकाची १७७१ ची पाण्यावर चालणारी सूतगिरणी आहे. गिरणगावाशी नातं असलेल्यांनी थांबावं, मुलांसाठी नको.

क्रिचला मात्र जाच. एका जुन्या दगडखाणीत ट्रामचं गाव उभं केलंय, ब्रिटनच्या आणि बाहेरच्याही शहरांतल्या जुन्या ट्राम खरोखर चालतात. दारात जुनी पेनी हातात देतात, ती कंडक्टरला द्यायची आणि मग दिवसभर हवं तितक्या वेळा चढायचं-उतरायचं. तुमच्या सासूबाई दादरच्या. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली. तेव्हा त्या आठ-दहा वर्षांच्या असतील, म्हणजे आज तुमच्या मुलीएवढ्या. त्यांना दुमजली ट्राममध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसवा, जिना अरुंद असतो, मागून कुणीतरी आधाराला राहा. मग मुलांना सांगायचं काम तुमचं उरणार नाही.

थोडं व्यवहाराचं. ऑगस्टमध्येही प्रत्येकाला रेनकोट आणि पक्के बूट, छत्री नको, डोंगरावरच्या वाऱ्यात ती उलटी होते. रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे दगडी भिंती. भावाला या रस्त्यांची सवय नसेल तर त्याला घाई करू नका. कासलटनच्या आसपास मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. गाडी नसेल तर मँचेस्टर-शेफिल्ड रेल्वे हॅदरसेज आणि ग्रिंडलफर्डला थांबते, पण तिथून ईम चालत जाण्याजोगं नाही, टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते. जेवणाचं म्हणाल तर पबमध्ये शाकाहारी काहीतरी मिळतंच, पण दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात. मी ठेपल्यांचा डबा कधीच विसरत नाही.

तारखेचं शेवटी ठेवलं कारण त्यावर तुमचा बेत हलू शकतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईममध्ये प्लेगची स्मरणप्रार्थना होते, त्याच घळीत, उघड्यावर. त्याच सुमाराला गावात विहिरी सजवतात: लाकडी चौकटीत ओली माती थापून त्यावर फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक दाबून चित्र करतात. रांगोळी घालणाऱ्या बाईला हे बघून हात शिवशिवतात, मी स्वतः एका वर्षी पाकळ्या दाबायला बसले होते. त्या रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मी तुम्हाला त्याच आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार सुचवेन, तोवर चित्रांचे रंगही ताजे असतात.